शंभर टक्के निरोगी इमारत

परीक्षा या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. माझी सगळी नोकरी परीक्षा विभागात गेली. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सीलबंद करणं, ते वेळेवर केंद्रांवर पोहोचवणं आणि कॉपी करणाऱ्यांच्या मुसक्या बांधणं ही माझी कामं. यातल्या शेवटच्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एका उमेदवाराच्या हाताच्या प्लॅस्टरमधून मी अर्धा भूगोल बाहेर काढला होता. हात खरोखरच मोडलेला निघाला आणि त्यावर पुढे बराच पत्रव्यवहार झाला, पण भूगोल निघाला होता हे आजही कुणी नाकारू शकत नाही.

हे सांगायचं कारण असं, की असा मी, निरोपसमारंभातली भाषणं कानांत ताजी असतानाच सामूहिक कॉपीचा सूत्रधार ठरलो. तेही पोटच्या मुलीच्या परीक्षेत. हल्ली बायको हा किस्सा आल्यागेल्याला सांगते आणि दर वेळी त्यात मी आणखी थोडा बावळट होत जातो. म्हणून एकदा मीच सांगून टाकतो.

आमची कन्या सार्वजनिक आरोग्य या विषयात पदवी घेत होती. शेवटचं वर्ष. हा विषय लोकांना समजावून सांगणं हेच एक शिक्षण आहे. लोक विचारतात, "म्हणजे डॉक्टर होणार?" नाही. "मग नर्स?" नाही. "मग औषधांचं दुकान?" एकदा मी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना शांतपणे समजावलं, की डॉक्टर आजारी पडलेल्या एका माणसाला बरं करतो, आणि ही अख्ख्या वस्तीला आजारीच पडू देणार नाही. सेक्रेटरींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग डॉक्टरांनी खायचं काय?"

तिच्या कॉलेजने एक छोटी पुस्तिका दिली होती. विद्यार्थ्याच्या अंगी कोणकोणती कौशल्यं अपेक्षित आहेत, ते तिच्यात छापलं होतं. अनोळखी माणसाशी बोलता आलं पाहिजे. उत्तर त्याच्या तोंडात न घालता प्रश्न विचारता आला पाहिजे. ऐकता आलं पाहिजे. डोळे उघडे ठेवता आले पाहिजेत, दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवता आली पाहिजे, चार जणांत मिळून काम करता आलं पाहिजे, आणि लोकांची एखादी सवय त्यांच्याच राजीखुशीने बदलता आली पाहिजे. मी ते वाचून थक्क झालो. कारण कन्येने यातलं एकही कौशल्य घरात कधी दाखवलं नव्हतं. ऐकणं म्हणाल, तर जेवायला बोलावलं की ती तिसऱ्या हाकेला "काय?" म्हणते. हे मी बायकोला म्हटलं. तिने पुस्तिका वाचली आणि मला परत दिली. म्हणाली, "यातलं तुमच्यातही काही दिसत नाही हो." मी तो विषय तिथेच थांबवला.

शेवटच्या वर्षाचं मोठं काम असं होतं. एक वस्ती निवडायची, घरोघर जाऊन लोकांच्या सवयी विचारायच्या, त्यातून त्या वस्तीचं खरं दुखणं शोधायचं आणि ते कमी होईल असा एक बदल घडवून आणायचा. मग बाहेरचे परीक्षक येऊन तो बदल स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. यात नापास झालं, की वर्ष गेलं. कन्या शहराच्या दुसऱ्या टोकाची एक वस्ती निवडणार होती. मीच म्हटलं, "अगं, घरचं केंद्र मिळत असताना परक्या केंद्रावर कशाला जातेस? आपली इमारत घे." तिला ते पटलं. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो.

चूक झाली ती प्रश्नावली जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती म्हणून. आयुष्यभर ज्या माणसाने फक्त सीलबंद प्रश्नपत्रिका पाहिल्या, त्याच्यासमोर उघडी प्रश्नपत्रिका ठेवणं हा निष्काळजीपणा होता. मी वाचली. व्यायाम करता का? मीठ किती खाता? झोप लागते का? तंबाखू, सिगरेट? मनावर ताण असतो का? वाचता वाचता मी एकेका शेजाऱ्याला डोळ्यांसमोर आणलं. आमच्या इमारतीतली माणसं या प्रश्नांची खरी उत्तरं देणार असतील, तर इमारत सपशेल नापास होणार होती. आणि इमारत नापास म्हणजे कन्या नापास. निदान मला तेव्हा तसंच वाटलं, आणि विशेष म्हणजे इमारतीतल्या एकालाही वेगळं वाटलं नाही. आम्हा लोकांना कागदावर प्रश्न दिसला, की त्याचं एक बरोबर उत्तर असतं आणि ते शेजाऱ्याला माहीत असतं, एवढं पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी कन्या कॉलेजला गेली आणि मी दारोदार निघालो. सगळ्यांना तोंडीच शिकवलं. व्यायामाच्या प्रश्नाला उत्तर, रोज सकाळी पाऊण तास भरभर चालणं. हे मी माझ्यावरूनच घेतलं होतं. मी रोज सकाळी फिरायला जातो. म्हणजे घरातून फिरायला म्हणून निघतो. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, तिथे एक रिकामी खुर्ची असते आणि ताजं वर्तमानपत्र असतं. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं. मिठाच्या प्रश्नाला चिमूटभर. झोप शांत, ताण नाही, हंगामी फळं भरपूर.

सेक्रेटरी म्हणाले, "उत्तरं लेखी द्या."

"अशा गोष्टींचा लेखी पुरावा ठेवायचा नसतो," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं! विभागातल्या सहकाऱ्यांनी ऐकलं असतं तर माझ्या निरोपाची भाषणं परत घेतली असती.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी "पेपर किती मार्कांचा?" एवढंच विचारलं आणि खोलीत येरझाऱ्या घालत उत्तरं पाठ करायला लागले. चौथ्या मजल्यावर एक तरुण आहे, आरशासमोर लोखंडी वजनं उचलतो म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. त्याने जिन्याच्या कोपऱ्यात सिगरेट विझवली आणि विचारलं, "काका, सोडली म्हणून सांगू, की कधी ओढलीच नाही म्हणून?"

"कधीच नाही," मी सांगितलं. "सोडली म्हटलं की उपप्रश्न येतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना मात्र शिकवणं जड गेलं. एकट्या राहतात, लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्या म्हणाल्या, "अहो, मी कुठे चालते? मी जिनासुद्धा उतरत नाही." मी म्हटलं, "मावशी, पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे." त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं, मग चालते. पाऊण तास ना?"

पाहणी झाली. कन्या रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायची आणि तिच्या कपाळावर आठ्या वाढत जायच्या. "बाबा, पैलवान काल जिन्यात सिगरेट ओढत होता. आज म्हणाला, आयुष्यात हात लावला नाही."

"सुधारला असेल," मी म्हणालो.

"आणि तळमजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, माझ्या मनावर ताण नाही. मी त्याला काही विचारलंच नव्हतं."

"हुशार आहे," मी म्हणालो, आणि वर्तमानपत्र वर धरलं.

कागद देण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी होती. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून तिने देऊन टाकलं. दोन दिवसांनी ती कॉलेजमधून आली ती चपला न काढता सरळ आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला. आमची कन्या सहसा रडत नाही, भांडते. बायकोने आत जाऊन सगळं काढून घेतलं. कन्येच्या मॅडम म्हणाल्या होत्या, की अशी इमारत पृथ्वीवर असू शकत नाही. सगळे चालतात, सगळे झोपतात, कुणाला कसली चिंता नाही, आणि सगळ्यांचं वाक्यसुद्धा एकच. हे कागद घरी बसून भरले आहेत असा त्यांचा समज झाला होता. परीक्षक यायच्या आत पाहणी पुन्हा कर, नाहीतर वर्ष पुन्हा कर, असं त्यांनी सांगितलं होतं.

म्हणजे माझ्या मुलीवर खोटेपणाचा आळ आला होता. तो कुणामुळे आला हे घरात एकालाच माहीत होतं, आणि तो एक जण पंखा पुसायला घेऊन स्टुलावर चढला होता.

माझं बिंग हेडमास्तरांनी फोडलं. कन्या पुन्हा त्यांच्याकडे गेली आणि झोपेचा प्रश्न विचारला, तर ते डोळे मिटून म्हणाले, "थांब हं. पाठ होतं. शांत झोप, मग हंगामी फळं, का आधी फळं? जा, वडिलांना विचारून ये."

त्यानंतर घरात जे झालं त्याचं वर्णन करत नाही. कन्या एक अक्षर बोलली नाही. बायको बोलली, आणि तिने दोघींच्या वाटचं बोलून घेतलं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या बाह्या तपासल्यात," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या पोरीच्या बाहीत अख्खी इमारत कोंबलीत!"

आता आपणच हे निस्तरायचं, असं मी ठरवलं. जिद्द हा माझा स्वभावच आहे आणि तो बऱ्याच जणांना महागात पडला आहे. रविवारी सकाळी मी सगळ्यांना खाली अंगणात गोळा केलं आणि भाषण केलं. म्हटलं, लाजू नका, लपवू नका, जी काय दुखणी असतील ती खुल्या मनाने सांगा, पोरीचं वर्ष तुमच्या खऱ्या उत्तरांवर आहे. भाषण फार परिणामकारक झालं. टाळ्या पडल्या. जाता जाता सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "म्हणजे या वेळी जितकं जास्त वाईट, तितके मार्क जास्त, असंच ना?" मी नाही म्हणेपर्यंत ते पुढे गेले होते.

मग आमच्या इमारतीत दुखण्यांची चढाओढ लागली. सेक्रेटरींनी पाठ, मान आणि दोन्ही खांदे सांगितले. ते कळल्यावर हेडमास्तरांनी आपल्या यादीत कान घातले. तळमजल्यावरच्या बाईंना झोप येत नाही असं कळताच पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "त्यांना निदान जाग तरी येते हो. मला ना झोप येते, ना जाग." पैलवानाने दम लागतो, चक्कर येते आणि नैराश्य आहे असं सांगितलं, आणि सांगताना तो वजन उचलत होता. जिन्यात भेटल्यावर माणसं एकमेकांना "तुमचं किती झालं?" असं विचारायला लागली. आठवड्यापूर्वी जगातली सर्वांत निरोगी असलेली इमारत आता रुग्णवाहिका बोलवावी अशा अवस्थेत होती.

कन्येने ते कागद टेबलावर ठेवले आणि हसायला लागली. आळ आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. हसता हसता म्हणाली, "बाबा, चूक तुमची एकट्याची नाही. माझीसुद्धा आहे. मी प्रश्नच असे विचारले, की माणसाला पेपर द्यावासा वाटेल. व्यायाम करता का, म्हटलं तर नाही कोण म्हणेल?"

"मग काय विचारणार?"

"काल काय काय केलंत, एवढंच. 'रोज काय करता' याचं उत्तर माणूस जसा असावासा वाटतो तसं देतो. कालचं सांगताना तो कालचं आठवायला लागतो." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार. बॅग धरायची. एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर असलात, तर निदान दुसरीकडे काही करत नसाल."

अशा रीतीने परीक्षा विभागातला एकेकाळचा वरिष्ठ अधिकारी मुलीची बॅग सांभाळत दारोदार फिरायला लागला. माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं ते विचारू नका. पण एक सांगतो. मला वाटायचं, ऐकणं म्हणजे आपली बोलायची पाळी येईपर्यंत थांबणं. मावशींच्या घरी मी ते खरं पाहिलं.

कन्या मावशींच्या समोर, त्यांच्या खुर्चीपेक्षा खाली, पाटासारख्या बुटक्या स्टुलावर बसली. कागद मांडीवर उलटा ठेवला. विचारलं, "मावशी, काल काय काय केलंत?"

"काल? काल काही नाही गं केलं," मावशी म्हणाल्या.

कन्या गप्प राहिली. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, मी बॅगेचा पट्टा घट्ट धरून बसलो. कन्या तशीच बसून होती, घाई नाही, चुळबुळ नाही.

"सकाळी उठले," मावशी म्हणाल्या. "चहा केला. दोन कप केला, सवयीने. मग एक ओतून दिला. मग खिडकीत उभी राहिले. खाली भाजीवाली आली, तिला वरून विचारलं, कशी दिलीस? घ्यायचं काही नव्हतं. पण विचारलं."

"मग?"

"तिने भाव सांगितला. मग ती गेली. काल दिवसभरात तेवढंच बोलणं झालं बघ."

"खाली का नाही येत, मावशी?"

"गुडघे गं. पहिल्या मजल्यापर्यंत ऐकतात, मग संप करतात. पूर्वी तुमच्या दाराशी तो बाक होता ना? तिथे जरा टेकायचे, तुझी आई बाहेर यायची, चार गोष्टी व्हायच्या, मग उरलेला जिना उतरायचे. रंगवायला म्हणून नेला, तो आलाच नाही."

तो बाक मला चांगला आठवत होता. त्याच्यावर दुपारभर बायका बोलायच्या, पोरं उड्या मारायची, आणि भिंतीपलीकडे माझा पलंग आहे. बाक गेल्यावर सुट्टीच्या दिवशी माझी दुपारची झोप फार छान व्हायला लागली होती, आणि निवृत्तीनंतर तर रोजच. मावशी दोन कप चहाचं सांगत होत्या तेव्हा मला ती झोप आठवली आणि मान वर करवेना.

त्यानंतर घरोघर तेच निघालं. हेडमास्तरांनी काल टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईंचे उच्चार सुधारले होते, मोठ्याने, दोनदा. पैलवानाने काल आरशाशी बोलत व्यायाम केला होता. सेक्रेटरींनी काल एक सूचना लिहून फळ्यावर लावली होती आणि संध्याकाळपर्यंत कुणी वाचली नाही म्हणून स्वतःच जाऊन वाचली होती. रात्री कन्या म्हणाली, "बाबा, गुडघे, रक्तदाब, झोप हे सगळं आहेच. पण आपल्या इमारतीचं मोठं दुखणं म्हणजे कुणी कुणाला भेटतच नाही. मला बाक परत आणायचाय." मॅडमनी या वेळचे कागद वाचले आणि फक्त एवढंच म्हणाल्या, की आता ही माणसं वाटतात, बाक आण.

बाक मीटरच्या खोलीत उभा करून ठेवलेला होता. तो उचलायचा आणि पहिल्या मजल्यावर ठेवायचा, एवढंच. पण सेक्रेटरींनी दप्तर उघडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"बाक हलवायचा ठराव कधी झालाच नव्हता," ते म्हणाले. "त्यामुळे कागदोपत्री बाक पहिल्या मजल्यावरच आहे."

"पण प्रत्यक्षात नाही ना काका," कन्या म्हणाली.

"प्रत्यक्षाचं मी काय करू? जो बाक तिथे आहेच, तो तिथे ठेवण्याची परवानगी मी कशी देऊ? उद्या कुणी विचारलं, की हा दुसरा बाक कुठला, तर?"

कन्येने पुस्तिकेतली सगळी कौशल्यं लावून पाहिली. ती गोड बोलली, ऐकून घेतलं, थांबून राहिली. सेक्रेटरी तिच्याहून जास्त वेळ थांबू शकतात, तो त्यांचा मुख्य गुण आहे. परीक्षक दोन दिवसांवर आले होते. ती हिरमुसून घरी आली, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की हा पेपर माझा आहे. मी बोलायची परवानगी मागितली. तिने नाइलाजाने दिली.

मी अर्ज लिहिला. मजकूर असा: "पहिल्या मजल्यावरील अधिकृत बाकाने मीटरच्या खोलीत विनापरवाना अतिक्रमण केले असून तेथील विजेच्या मीटरांना त्यामुळे अडथळा होत आहे. तरी सदर बाकास तत्काळ मूळ जागी हुसकावण्यात यावे." सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. अतिक्रमण शब्दावर त्यांचे डोळे चमकले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी असा चोख अर्ज दिला नसावा. "ताबडतोब हुसकावा!" ते म्हणाले आणि त्यांनी दोनदा शिक्का मारला. कन्येने माझ्याकडची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. मला ते फार बरं वाटलं.

बाक हलवायला परीक्षकांच्या दिवसाची सकाळ उजाडली, कारण मधला दिवस बाक कोणत्या बाजूने उचलावा यावरच्या सल्ल्यांत गेला. पैलवान पुढे, मी मागे, हेडमास्तर वरच्या पायरीवरून "डावं! तुमचं डावं!" असं ओरडत, आणि सेक्रेटरी हातात अर्ज घेऊन. तळमजल्यावरून निघालेला बाक जिन्याच्या अर्ध्या वळणावर कठड्यात आणि भिंतीत असा अडकला, की ना वर जाईना, ना खाली येईना. वरची माणसं वर राहिली, खालची खाली. पैलवानाने जोर लावला तर भिंतीचा रंग निघाला, बाकाचा नाही. रंग मात्र चांगला दिला होता. आणि तेवढ्यात खालून मॅडम आल्या, आणि त्यांच्या मागे परीक्षक.

परीक्षक चांगले भारदस्त गृहस्थ होते. अर्धाच जिना चढून त्यांना दम लागला होता. मॅडमनी वर पाहिलं, कन्येने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बाकाखाली असल्यामुळे कुणाकडेच पाहू शकलो नाही. परीक्षकांनी विचारलं, "बदल कुठे आहे?"

"सर, तो वाटेत आहे," कन्या म्हणाली.

परीक्षकांनी रुमालाने मान पुसली आणि समोर बसायला जागा दिसत होती म्हणून सरळ त्या अडकलेल्या बाकावर बसले. मग जे व्हायचं ते झालं. बसलेला माणूस दिसला, की आमच्या इमारतीला गप्प राहवत नाही, हे तेव्हा मलाही कळलं. सेक्रेटरींनी त्यांना अतिक्रमण समजावलं. हेडमास्तरांनी वरून बातम्यांचे उच्चार सांगितले. कुणी पाणी आणलं, आमच्या बायकोने कठड्यावरून चहा दिला. आणि या गोंधळाचा आवाज ऐकून, त्यांना आणायला वर गेलेल्या हेडमास्तरांचा हात धरून, एकेक पायरी करत मावशी उतरल्या. गुडघ्यांनी पहिल्या मजल्यावर संप केला असेल तर त्यांनी तो जुमानला नाही. परीक्षक सरकले. मावशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या, श्वास घेतला, आणि त्यांना म्हणाल्या, "काय हो, काल काय काय केलंत?"

परीक्षक आधी हसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. बायको माहेरी गेली होती, त्यांनी काल उभ्या उभ्या ओट्यापाशीच जेवण उरकलं होतं. ते पुष्कळ बोलले. मॅडम जिन्याच्या पायरीवर पदर सावरून बसल्या आणि ऐकत राहिल्या. मी बाकाखालून कसाबसा बाहेर आलो.

शेवटी परीक्षकांनी कन्येला विचारलं, "यात नेमकं तू काय केलंस?"

"फारसं नाही, सर. कालचं विचारलं आणि थांबले," ती म्हणाली.

"आणि हे कोण?" माझ्या डोक्यावरची जळमटं बघून त्यांनी विचारलं.

"माझे बाबा," कन्या म्हणाली. "बॅग आणि अर्ज यांचं काम बघतात."

नोकरीत मला बरीच पदं मिळाली, पण इतका ऊर कधी भरून आला नव्हता. परीक्षक उठले. त्यांचं वजन हललं तसा बाक कठड्यातून सटकन सुटला, आणि पैलवानाने तो एकट्याने नेऊन आमच्या दाराशी ठेवला. कन्या पास झाली. मॅडमनी शेरा लिहिला की विद्यार्थिनीला ऐकता येतं, आणि तो शेरा बायकोने मला तीन वेळा वाचून दाखवला.

आता माझ्या दुपारच्या झोपेचं मात्र वाटोळं झालं आहे. परवा दुपारी भिंतीपलीकडे असा काही हशा उसळला, की मी पलंगावरून उठलो, दार उघडलं आणि जाब विचारायला म्हणून बाहेर आलो. बाकावर मावशी होत्या, हेडमास्तर होते, तळमजल्यावरच्या बाई होत्या. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी बाजूला सरकून जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "काल काय काय केलंत?"

मी बसलो. रोज सकाळी पाऊण तास, हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण कुणी घाई करत नव्हतं. सगळे थांबले होते, अगदी आमची कन्या थांबते तसे.

"काल सकाळी," मी म्हणालो, "मी फिरायला म्हणून निघालो..."

"आणि इस्त्रीवाल्याच्या खुर्चीवर बसलात," उघड्या दारातून बायकोचा आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर येत होती. "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याच्या पुढचं सांगा."